कॉलर बसली

हो म्हणायला माझी जीभ डोक्याच्या आधी धावते. घरातले यावरून मला टोमणे मारतात आणि मीही त्यांना सोडत नाही. पण बचत गटाच्या प्रदर्शनात मोहोळकडच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका आमच्या पिशव्यांच्या टेबलापाशी थांबल्या, एक पिशवी उलटी करून तिची शिवण निरखून पाहिली आणि म्हणाल्या, ‘‘शाळेचे शर्ट शिवून द्याल का?’’ तेव्हा त्यांचं बोलणं पुरतं संपायच्या आत मी हो म्हणून मोकळी झाले होते.

‘‘आधी एका वर्गाचे द्या,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चांगले झाले तर सगळ्या शाळेचे तुमच्याकडंच.’’

त्या गेल्यावर माझ्या शेजारी बसलेल्या अक्कानं मला कोपरानं ढोसलं. अक्का म्हणजे आमच्या गटातली सगळ्यात थोरली. विणकरांच्या घरातली, घरात तेलुगू बोलणारी, आणि कारखान्यात सगळे तिला बघून कॉलर शिकायचे असा तिचा दरारा. ‘‘व्हय म्हणालीस ते बरं केलंस,’’ ती म्हणाली. ‘‘पण अख्खा शर्ट आपल्यात कुणाला येतो?’’

खरं सांगायचं तर कुणालाच येत नव्हता. सोलापुरात गणवेशाचे कारखाने गल्लोगल्ली आहेत आणि आम्ही सगळ्यांनी त्यांतच काम केलं. पण तिथलं काम असं की एकीनं एकच तुकडा शिवायचा. कुणी खिसा लावते, कुणी काजं करते, कुणी खांदे जोडते. आपला गठ्ठा झाला की तो पुढच्या मशीनवर जातो आणि आपल्यापुढं नवा गठ्ठा पडतो. मी लग्नानंतर कामाला लागले ती बाहीवर, आणि बाहीवरच राहिले. वर्षानुवर्षं शर्ट शिवत असूनही पुरा झालेला शर्ट मला दिसायचा तो दुकानाच्या काचेत.

म्हणून त्या होकाराच्या मागं माझं एक वेड होतं, ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. पहिल्या टाक्यापासून शेवटच्या बटणापर्यंत एक शर्ट आमच्या हातून व्हावा आणि तो आमचा म्हणून अंगावर चढावा. जमलं तर गटाचं स्वतःचं काम उभं राहणार होतं. नाही जमलं तर शाळा उघडायच्या हंगामात मान खाली घालून पुन्हा सोडून दिलेल्या कारखान्याच्या मालकाच्या दारात, त्याच मशीनवर. मालक हसला असता आणि मला ते हसणं सोसलं नसतं.

आम्ही कंबर कसली. ओळखीच्या एका कटिंग मास्तरांकडून सगळं कापड एकाच फर्म्यावर, म्हणजे कागदी नमुन्यावर, कापून घेतलं, आणि जिला जे येतं ते तिला वाटून दिलं. कॉलरी अक्काकडं. पुढचा-मागचा भाग खांद्यावर जोडायचं काम मोडनिंबच्या वहिनीकडं. गटात सगळ्याच तिला वहिनी म्हणतात; ती शेतकऱ्याच्या घरातली, लग्न होऊन शहरात आली, आणि तिच्या तोंडाला अजून मोडनिंबचीच धार आहे. खिसे आणि काजं-बटणं गटातल्या इतर बायकांकडं. बाह्या अर्थातच माझ्याकडं, आणि शेवटी सगळं एकत्र जोडायचं तेही माझ्याचकडं, कारण हो मी म्हणाले होते.

सगळ्या आपापल्या घरी शिवायच्या. सकाळची भांडी, धुणं, पोरं, सासवा उरकून मशीनवर बसायचं, म्हणजे कारखान्यासारखं ओळीनं बसणं शक्यच नव्हतं. गठ्ठे इकडून तिकडं न्यायला माझ्या नवऱ्याची रिक्षा होती. त्याची भाडी जुळे सोलापूरच्या बाजूची, अक्काचं घर शहराच्या त्या टोकाला, वहिनीचं भलतीकडंच. भाडं सोडलं की वाटेत गठ्ठा उचलायचा आणि घरी आला की म्हणायचा, ‘‘आता मीटर तुझ्या गटाच्या नावावर टाकू का?’’ मी म्हणायचे, टाका की. पण एकही फेरी त्यानं चुकवली नाही, हे मला इथं कबूल करावंच लागेल.

मे महिन्याच्या भर उन्हात सगळे तुकडे आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये जमा झाले. हॉल मोठा, पंखे चांगले आणि दिवसा रिकामा. आम्ही सगळ्या आपापली मशीनं रिक्षात घालून तिथंच जमलो. मी सतरंजीवर एकेक गठ्ठा सोडून पाहिला. अक्काची कॉलर म्हणजे आरशासारखी, टोकं अशी की बोट लावलं तर टोचेल. वहिनीची खांद्याची शिवण नाकासमोर सरळ. खिसे एकसारखे. मला वाटलं, आता काय, नुसतं जोडायचंय. मी मशीनवर बसले, पहिला शर्ट घेतला आणि गळ्याला कॉलर लावत गेले.

लावत गेले आणि गळा संपला. कॉलर उरली होती.

आधी वाटलं माझाच हात घसरला. उसवून पुन्हा लावली. पुन्हा उरली. दुसरा शर्ट घेतला, तिसरा घेतला, तीच गत. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मग मी माझी स्वतःची बाही लावून पाहिली तर तीही काखेपाशी उरायला लागली. एवढं सुंदर काम समोर पडलेलं आणि एकाचा दुसऱ्याला मेळ नाही.

अक्कानं कॉलर हातात घेतली, फिरवली आणि शांतपणे म्हणाली, ‘‘माझी कॉलर बरोबर हाय. हिचा गळाच बारका झालाय.’’

‘‘गळा न्हाय बारका,’’ वहिनी उसळली. ‘‘तुमची कॉलरच म्हशीच्या दाव्याएवढी हाय.’’

अक्काला असं बोलायची हिंमत आजवर कुणी केली नव्हती. बटणं लावणाऱ्या बायका बटणांच्या डब्यातून डोकं वर काढेनात. अक्कानं चष्मा काढून पुसला आणि आपली पिशवी आवरायला घेतली. वहिनीचे डोळे भरून आले होते, पण हट्टाला पेटलेली, माघार घ्यायला तयार नाही.

एवढ्यात नवरा डबे घेऊन आला. काय झालंय ते ऐकून त्यानं अगदी सहज तोडगा काढला. ‘‘मागनं एक बारकी चुणी घाल की कॉलरीला. पोरं काय एकमेकांच्या मानंला बघत बसत्यात व्हय?’’

माझा राग असा काही उसळला की विचारू नका. ‘‘चुणी घालायची होती तर कारखाना काय वाईट होता?’’ मी म्हणाले. ‘‘तिथं सुद्धा चुणी घातलेला शर्ट बाहेर जात नाही. आमचा पहिला शर्ट चुणीचा जाणार नाही.’’ तो बिचारा डबे ठेवून गेला. अक्काला मी हात धरून खाली बसवलं. म्हटलं, ‘‘भांडण जेवून करा. उपाशी भांडण नीट होत नाही.’’

कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पोटात गेल्यावर डोकं जरा जाग्यावर आलं. मी फर्म्याचा कागद पसरला आणि अक्काला म्हटलं, ‘‘एक कॉलर माझ्यासमोर शिवा.’’ वहिनीला म्हटलं, ‘‘तू एक खांदा जोड.’’ दोघी फुरंगटून दोन मशीनवर बसल्या, एकमेकींकडं पाठ करून. मी मध्ये उभी राहून दोघींची बोटं बघत राहिले.

अक्कानं कापडाच्या कडेपासून पाव इंच आत शिवण घेतली. वहिनीनं अर्धा इंच.

दोघींनी मोजलं मात्र नव्हतं. सुईखाली कापड सरकवलं आणि बोट आपोआप आपल्या जागी थांबलं. अक्काचा मालक कापडाच्या बाबतीत महाचिक्कू, त्याच्याकडं पाव इंचाच्या वर कापड आत गेलं की ओरडा. वहिनीच्या मालकाला शिवण निसटल्याच्या तक्रारी नको असायच्या, म्हणून तिथं अर्धा इंच. दोघींनी ते कारखाने सोडून दिले होते, पण मालक त्यांच्या बोटांत तसेच बसून होते. शिवण किती आत घ्यायची हे आमच्यापैकी कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. विचारणार तरी कशाला, प्रत्येकीला आपलंच माप जगाचं माप वाटत होतं. मी माझी बाही पाहिली. तीसुद्धा पाव इंचाची निघाली.

मला हसू फुटलं. आधी एकटीच हसत होते, मग दोघींना हाताला धरून दाखवलं. ही पाव, ही अर्धा. दोघी वाकून बघत राहिल्या. अक्कानं दोन्ही शिवणी नखानं चाचपून पाहिल्या. मग वहिनीला म्हणाली, ‘‘तुझी शिवण चांगली हाय गं. पण जास्त आत हाय.’’ अक्काकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

आमचं नशीब एवढंच की चूक सुटण्यासारखी होती. जास्त आत गेलेलं कापड बाहेर काढता येतं, कमी पडलेलं कुठून आणणार? सगळे खांदे उसवायचे, पाणी मारून इस्त्री करून सुईची भोकं मिटवायची आणि पाव इंचावर पुन्हा जोडायचे. वहिनीनं स्वतःच्या हातानं केलेली ती देखणी शिवण पहिल्यांदा उसवली तेव्हा मला तिच्याकडं बघवेना. पण दुसऱ्या खांद्याला अक्का येऊन तिच्याशेजारी बसली आणि उसवू लागली. मग बटणवाल्या आल्या, खिसेवाल्या आल्या. सगळ्या मशीनच्या पट्टीवर, सुईपासून पाव इंचावर, मी रंगीत टिकल्या चिकटवल्या. अक्काच्या मशीनवरही. ती म्हणाली, ‘‘मला टिकली कशाला?’’ मी म्हटलं, ‘‘तुम्हालाच आधी.’’ तिनं ती चिकटवू दिली.

नव्यानं जोडलेला पहिला शर्ट मी मशीनवर घेतला तेव्हा सगळ्या माझ्याभोवती येऊन उभ्या राहिल्या. कॉलर गळ्यावर फिरत गेली, फिरत गेली, आणि टोकाला टोक येऊन मिळालं. धागाभरही कमी नाही, जास्त नाही. मग बाही बसली. बाजू शिवल्या, घेर दुमडला, बटणं लागली. मी तो शर्ट उचलून खिडकीपाशी धरला. इतका आनंद मला माझ्या लग्नाच्या शालूचासुद्धा झाला नव्हता, आणि हे मी नवऱ्यासमोरही सांगते.

शाळा उघडली त्या दिवशी मी, अक्का आणि वहिनी तिघी एसटीनं गेलो. शर्ट आदल्या आठवड्यातच पोचते केले होते. प्रार्थनेला तो वर्ग पहिल्या ओळीत उभा केला होता. निळ्या शर्टांची ती ओळ बघून माझी छाती फुगली, ते लपवायचा मी प्रयत्नही केला नाही. मुख्याध्यापिकांनी एका मुलीचं वरचं बटण लावलं आणि कॉलरखालून बोट फिरवून बघितलं. मग आमच्याकडं आल्या आणि म्हणाल्या, बाकीच्या वर्गांची मापं घ्यायला कधी येताय ते सांगा.

जाता जाता त्यांनी कौतुकानं अक्काला विचारलं, ‘‘तुम्ही यातलं काय शिवता?’’

अक्कानं कारखान्यात जन्मभर कॉलरीखेरीज काही शिवलं नव्हतं. तिनं पदर सारखा केला. ‘‘शर्ट,’’ ती म्हणाली.

बाईंनी वहिनीकडं पाहिलं. ‘‘मीबी शर्टच,’’ वहिनी म्हणाली.

मग त्या माझ्याकडं वळल्या. मीही तेच सांगितलं.