बॅटरीवरची दुपार

ऑफिसच्या जिन्याखाली इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांत पाणी भरताना येतो तो आंबट, घशाला लागणारा वास आला, की मला बीडच्या स्टँडमागचं व्हिडिओ गेमचं दुकान आठवतं. आयटीआयला जातो म्हणून नेकनूरहून निघालेला माझा थोरला भाऊ दिवसभर तिथंच बसायचा. हाका मारून, रडून थकलेली आई शेवटी मला घेऊन समोरच्या पायरीवर नुसती बसून राहायची. "लाईट गेल्याबिगर त्यो उठत न्हाई," म्हणायची. दुपारी लाईट जायची, स्क्रीन काळी पडायची आणि भाऊ डोळे चोळत बाहेर यायचा. एक दिवस लाईट गेली, शेजारच्या रसवंतीतला पंखा थांबला, आई पदर सावरून उठली. आतला टुंगटुंग आवाज मात्र चालूच राहिला. "मावशी, आता बॅटरी बसवली," मालक खुशीत म्हणाला. "आरं, मग माझं लेकरू उठंल कवा?" आईनं विचारलं. "उठायचं कशापायी?" म्हणत तो हसला. काल मीटिंगमध्ये आमच्या ॲपवर एक व्हिडिओ संपताच दुसरा आपोआप सुरू करायचं ठरलं. मी आईचाच प्रश्न विचारला, तर सगळे तसेच हसले. त्या मालकाची बॅटरी निदान उतरायची तरी.