ठकूचं वाक्य

माझ्या भाचीचं बोलणं कळणारी माणसं जगात दोनच, तिची आई आणि मी, असं मी वर्षानुवर्षं छातीठोकपणे सांगत आले. ठकू लहानपणापासून चाकांच्या खुर्चीत आहे. हात थरथरतात, जीभ हवी तशी वळत नाही, एकेक शब्द ओढून काढावा लागतो. डोकं मात्र असं तल्लख की छापखान्यात मुद्रितं तपासायला तिला ठेवलीय. मजकूर छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या, फाफटपसारा कापायचा. भलेभले लेखक तिला टरकून असतात.

तिला कामावर नेते ती फळीवाली बस. दारातून फळी खाली येते, खुर्ची वर चढते. अशी गाडी शहरात एकच, आणि प्रवासी कमी म्हणून तीही बंद करायचं परिवहन खात्याने ठरवलं. बस गेली की नोकरी गेली, आणि नोकरी गेली की पोरगी चार भिंतींत. माझ्या बहिणीने तर हाय खाल्ली.

ठकू अपंगांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या एका संघटनेत आहे. त्यांनी वाचनालयाच्या तळमजल्यावर वर्ग ठेवला: पत्रकारांशी, रेडिओवाल्यांशी बोलायचं कसं. शिकवायला एक निवृत्त बातमीदार बाई. मी अर्थातच ठकूबरोबर गेले.

"तुम्ही कोण?" बाईंनी विचारलं.

"मी हिची मावशी. ही बोलते, मी लोकांना सांगते."

"आज ती बोलेल. तुम्ही चहा घ्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोण टिकोजीराव लागून गेली ही! पण ठकू हसत होती, म्हणून मुकाट्याने मागच्या बाकावर बसले.

बाई स्वतः बातमीदार व्हायच्या आणि एकेकाला गाठायच्या. एक अंध संगीत शिक्षक होते. बाईंनी गळा काढून विचारलं, "लहानपणी फार सोसलंत ना हो?" सरांनी सगळी जन्मकहाणी सांगितली. मी पदर डोळ्यांना लावला.

"सुंदर," बाई म्हणाल्या. "उद्या तुमचा फोटो येईल, लोक हळहळतील. पण तुमच्या रस्त्यावरच्या ज्या उघड्या गटारासाठी तुम्ही आलात, ते गटार कुठे गेलं?"

सर म्हणाले, "गटार राहिलंच की!" सगळा वर्ग हसला, तेही हसले.

"विचारणारा त्याला हवं तेच विचारणार," बाई म्हणाल्या. "तुम्ही आपलं काम करून यायचं. बातमीत शेवटी एखादंच वाक्य उरतं. ते कुठलं, हे तुम्ही ठरवा, नाहीतर ते ठरवतात."

ठकूसाठी मी घरून पानभर निवेदन लिहून आणलं होतं. तिने ते पुढ्यात घेतलं आणि थरथरत्या हाताने पेन्सिल चालवली. 'माननीय' उडालं. 'सविनय' उडालं. 'आमच्यासारख्या दुर्दैवी जीवांना' यावर तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. शेवटी खाली तिने स्वतःचं एक वाक्य लिहिलं: उद्या मी कामावर कशी जाऊ?

बस बंद व्हायच्या आदल्या दिवशी रेडिओवर थेट कार्यक्रम होता. आत जाण्यापूर्वी ठकूने मला बजावलं, "तू मध्ये बोललीस तर मी उठून जाईन."

"कशी गं उठशील?" मी म्हटलं. दोघी खिदळलो.

निवेदक तरुण, मशीनसारखं तोंड चालवणारा. परिवहनचे साहेब फोनवर. निवेदकाने विचारलं, "ताई, या खुर्चीतलं आयुष्य कसं वाटतं?"

ठकूने तोंड उघडलं. "उद्या..." मग नुसता श्वास. रेडिओवर कुणी गप्प राहिलं की त्या लोकांचा जीव जातो म्हणे. निवेदकाला दरदरून घाम फुटला. त्याने माझ्याकडे पाहिलं, हाताने खुणावलं, मावशी, सांगा ना! सगळं वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर होतं. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. ठकूची मान वाकडी होत होती, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या, आणि ती एकेक शब्द बाहेर काढत होती, कुणाची घाई नाही, कुणाची भीड नाही. मी हिला न्हाऊमाखू घातलंय, पण ही कोण आहे ते मला त्या दिवशी दिसलं.

वाक्य पुरं झालं. फोनवरून साहेब म्हणाले, "माफ करा, त्या काय म्हणाल्या ते कळलं नाही. बरोबरचं कुणी सांगेल का?"

मी निवेदकाकडे पाहिलं. तो ठकूकडे बघत होता.

"मला कळलं, साहेब," तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम हळू झाला होता. "त्या विचारतायत, उद्या मी कामावर कशी जाऊ? आता तुम्ही सांगा."

आता गप्प बसायची पाळी साहेबांची. निवेदकाने त्यांना मुळीच सोडवलं नाही. मग खाकरल्याचा आवाज आला. "ठीक आहे. उद्या बस येईल. मी शब्द देतो."

निवेदक सुटला एकदाचा! "वा, ताई, अभिनंदन! तर श्रोतेहो..."

ठकूने थरथरता हात वर केला. तो थांबला. आम्ही सगळेच थांबलो, काचेपलीकडची माणसंसुद्धा.

"परवा?" ठकूने विचारलं.