गार ऑक्सिजन

"काढली! तिनं नळी पुन्हा काढली!"

आमची हेड नर्स मारिट ओरडली तेव्हा नेदरलँड्समधल्या आर्नहेमच्या आमच्या कोव्हिड वॉर्डच्या काचा थरथरल्या. जर्मनीची हद्द इथून जवळ. तिकडच्या दोनचार गायी नक्की दचकल्या असणार. मी इथलाच एक नर्स, पीपीई किटात अर्धा शिरलो होतो. उरलेला अर्धा कोंबला आणि धावलो.

आत मादाम रोझलीन. पासष्टीच्या, मूळच्या हैतीच्या, लेकीकडे राहायला आलेल्या. त्यांची भाषा क्रेऑल, आणि आमच्यात ती कुणालाच येत नव्हती. ऑक्सिजनची नळी मुठीत धरून बसल्या होत्या. चेहऱ्यावर भाव असा, की हात लावून तर बघ. बोटाला चिमट्यासारखं यंत्र लावतात, ते रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत सांगतं. नव्वदच्या वर असला तर आमचा जीव भांड्यात. त्यांचा चौऱ्याऐंशी.

"सकाळपासून आठ वेळा लावली," मारिट म्हणाली. "डॉक्टर आयसीयूचं बोलतायत. मी नोंद करते, पेशंट उपचार नाकारतेय."

अशी नोंद झाली की पुढचा प्रत्येक जण आधी ती वाचतो, पेशंटकडे नंतर बघतो.

"मारिट, दहा मिनिटं दे."

"पाच."

नळी त्यांच्या नाकापासून वीतभर लांब धरून मी हातवाऱ्यांनी फुप्फुसं समजावली. तो नाच बघून त्यांनी डोळे मिटले. मग टॅबलेटवर लेकीला फोन लावला. नादेज तिचं नाव. भेटायला बंदी, म्हणून घरीच तळमळत बसलेली.

इथं मी माती खाल्ली. हैती म्हटल्यावर माझ्या डोक्यात सिनेमातल्या जादूटोण्याच्या कवट्या आणि बाहुल्या. अत्यंत नाजूकपणे विचारलं, "त्यांच्या श्रद्धेत काही... मंत्रतंत्र वगैरे?"

"माझी आई दर रविवारी चर्चमध्ये गाते," नादेज म्हणाली. "तुम्ही इंडियन ना? मी तुम्हाला सापांबद्दल विचारलं?"

"नाही."

"मग ती नळी का काढते, हे तिलाच विचारा. विचारलंय कुणी?"

कुणीच नव्हतं. नादेजनं विचारलं. मादाम बोलत सुटल्या. बोट खिडकीकडे, जेवणाच्या ट्रेकडे, नळीकडे, शेवटी माझ्याकडे.

"ती म्हणते, तापानं अंग तापलेलं असताना गार काही घेतलं की ते छातीत बसतं. आमच्याकडे हे शेंबडं पोरही जाणतं. तुम्ही तिला गार दूध दिलंत, गार दही दिलंत, खिडकी उघडी ठेवलीत, आणि वर नाकात गार वारा सोडलात. तिला वाटतंय, तुम्ही तिला मारताय."

हेच व्याख्यान माझी आई साताऱ्याहून वीस वर्षं फोनवर देते आहे. आणि वारा खरंच गार असतो. साध्या नळीतला ऑक्सिजन कोरडा, गारढोण.

खिडकी बंद करता येईना, हवा खेळती हवी. मग पलंगच पलीकडच्या भिंतीला सरकवला. डोक्याला रुमाल. पॅन्ट्रीतून आल्याचा गरम चहा, घोट घोट. मग मादामनी पिशवीतून बाटली काढली. काळं एरंडेल! लहानपणी मी ज्याच्या भीतीनं माळ्यावर चढायचो, ते समुद्र ओलांडून इथं हजर. त्यांना ते कपाळाला, छातीला चोळून हवं होतं. पण ऑक्सिजनजवळ तेल म्हणजे आगीला आवतण. मी म्हटलं, तळपायाला. त्या म्हणाल्या, छातीला. नादेज मध्यस्थ. मंडईत कोथिंबिरीवरून होते तशी घासाघीस. सौदा तळपायांवर पटला. मी चोळलं.

हाय-फ्लो नावाचं यंत्र असतं, ते ऑक्सिजन कोमट आणि दमट करून देतं. डॉक्टर म्हणाले, "साधी नळी ठेवत नाही, ही जाडजूड काय ठेवणार?"

मी त्या जाड नळीचं तोंड आधी मादामच्या मनगटावर धरलं. त्यांनी हात फिरवून पाहिला. नादेजला काहीतरी म्हणाल्या.

"ही ऊबदार आहे म्हणते. सकाळी का नाही दिली?"

आणि स्वतःच्या हातानं नाकात घातली. सत्याऐंशी. एकोणनव्वद. त्र्याण्णव. किटात माझा चार बादल्या घाम निघाला होता.

हे सगळं पाच मिनिटांत झालं. मारिट पाऊण तास म्हणते.

आयसीयू टळलं. बारा दिवसांनी मादाम चालत घरी गेल्या. त्यांना बरं केलं ऑक्सिजननं आणि औषधांनी. आल्यानं नाही, एरंडेलानं तर नाहीच. पण ऑक्सिजन नाकात राहिला तो या दोघांमुळे.

मी छाती फुगवून मारिटकडे गेलो. म्हटलं, भरतीच्या फॉर्मवर एक प्रश्न वाढवू: 'तुमच्या मते तुमचं दुखणं कशानं वाढतं?'

तिनं फॉर्म उलटसुलट करून पाहिला.

"जागा नाही," ती म्हणाली. "तोंडानं विचार."