पंधरा मिनिटांच्या बाई

तापाच्या वॉर्डात तोंडावर त्यांना सगळे बाई म्हणत, आणि पाठ वळली की 'पंधरा मिनिटं'. पूर्वी हिवतापाचा रिपोर्ट प्रयोगशाळेतून दुसऱ्या दिवशी यायचा, तोवर घरच्यांचा जीव टांगणीला. बाई प्रयोगशाळेतल्याच. तीन वर्षं मोठ्या डॉक्टरांमागे भुणभुण लावून त्यांनी झटपट तपासणीच्या पट्ट्या वॉर्डात आणवल्या. बोटाचं थेंबभर रक्त आणि पंधरा मिनिटं. एकच रेघ उमटली तर हिवताप नाही, दोन उमटल्या तर आहे.

पण दुसरी रेघ कधीकधी रेंगाळते, आणि नर्सना हजार कामं. पाचव्या मिनिटाला डोकावून 'नाही' लिहायचं नि रोग्याला घरी धाडायचं, हे बाईंना खपत नसे. "वेळ नसेल तर मला बोलवा," म्हणायच्या आणि खरंच स्टूल ओढून पट्टीपुढे बसायच्या. डॉक्टरांनाही सोडत नसत.

एका दुपारी त्यांची धाकटी जाऊ तापाने फणफणून आली. दोघींचं सख्ख्या बहिणींसारखं. आठव्या मिनिटाला एकच रेघ दिसली आणि बाईंचा जीव भांड्यात पडला. "काही नाही गं, घरी जाऊन पड." पट्टी कचऱ्यात गेली, वहीत 'नाही' लिहिलं गेलं.

जेवायला बसल्या आणि लक्षात आलं, आपण पंधरा मिनिटं थांबलोच नाही. हात धुतला आणि तडक बसथांबा गाठला. जाऊ रांगेतच होती.

"चल, पुन्हा बोट टोचायचंय."

"ताई, आत्ताच तर नाही म्हणालात."

"म्हणाले. चुकलं माझं."

नव्या पट्टीवर बाराव्या मिनिटाला दुसरी रेघ आली. गोळ्या सुरू झाल्या. इथवर कुणीही केलं असतं. बाईंनी पुढे वॉर्डाच्या फळ्यावर स्वतःच्या नावानिशी लिहिलं: 'आज मी पट्टी आठव्या मिनिटाला वाचली.' मोठे डॉक्टर म्हणाले, "अहो, घरातलंच माणूस, कशाला गवगवा?"

"घरातलं होतं म्हणूनच घाई केली, साहेब."

हे करायला छाती लागते. भले भले अशा वेळी फळा पुसायचं फडकं शोधतात.

संध्याकाळी ड्यूटी संपताना थोरल्या सिस्टर जवळ आल्या. बाईंशी त्यांचं कधीच पटलं नव्हतं. खालच्या आवाजात म्हणाल्या, "काल तो सुतार घरी गेला ना, त्याची पट्टी मी सहाव्या मिनिटाला वाचली होती."

बाईंनी 'का' विचारलं नाही.

"फोन आहे त्याचा?"

"उचलत नाही. घर माहितीये."

"मग चला," म्हणत बाईंनी पट्ट्यांचा डबा उचलला.