बसलेल्या बाईसाठी काढलेली खिडकी

फादर लॉरेन्स यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या गौरवग्रंथासाठी मी लिहावं, असं आमच्या निपाणीच्या चर्चच्या समितीनं ठरवलं. मी समितीचा सचिव, मराठीचा निवृत्त शिक्षक, आणि फादरांच्या हाताखाली सर्वांत जास्त काम केलेला माणूस. चर्चच्या जागेवर त्यांनी बांधलेल्या घरांचा उल्लेख अभिमानानं यावा, अशी सूचनाही मला मिळाली आहे. उल्लेख येईल. अभिमानाचं काय करायचं ते वाचकांनी ठरवावं.

फादर मूळचे जांबोटीकडचे. निपाणीला बदलून आले त्या पहिल्या रविवारी जुन्या फादरांची निरोपाची मिस्सा, म्हणजे उपासना, होती, म्हणून हे मागं शेवटच्या बाकावर जाऊन बसले. बायबलचं वाचन मी केलं. मिस्सा संपल्यावर जवळ येऊन म्हणाले, "मास्तर, उच्चार सुरेख आहेत. पण शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही हो." मी वीस वर्षं तिथं वाचत होतो. शेवटच्या बाकावर कोण बसतं, हे मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मला त्यांचा रागच आला होता.

चर्चच्या मागं चिंचेच्या झाडांचं मोठं आवार आहे. आम्हा समितीवाल्यांना तिथं कल्याण मंटप, म्हणजे लग्नाचा हॉल, बांधायचा होता. फादरांना बांधायची होती कमी भाड्याची घरं. आवाराच्या भिंतीला टेकून पत्र्याच्या खोल्यांची रांग होती आणि तीत विड्या वळणाऱ्या बायका राहत. वर्षभर वाद चालला. फादरांनी आवाज कधी चढवला नाही. एका भर दुपारी मात्र त्यांनी चालू बैठक उठवली आणि आम्हा सहाजणांना त्या रांगेतल्या सुगंधाक्कांच्या खोलीत नेलं. सुगंधाक्का विधवा बाई, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. फादर त्यांच्या शेजारी फरशीवर बसले आणि आम्हाला म्हणाले, "चला, आता इथंच पुढची चर्चा करू." त्या पत्र्याखाली दहा मिनिटांत घरांचा ठराव एकमतानं मंजूर झाला.

नकाशा काढताना फादरांनी इंजिनिअरला एकच अट घातली. प्रत्येक घराची पुढची खिडकी जमिनीपासून दीड फुटावर हवी.

"फादर, एवढ्या खाली खिडकी कोण काढत न्हाय," इंजिनिअर म्हणाला. "उद्या चोर पाय टाकून आत येतंय."

"चोर वर्षातनं एकदा येईल," फादर म्हणाले. "बाई रोज बसते. तिच्या सुपात उजेड पडायला नको?"

खिडक्या खाली आल्या. बांधकाम सुरू झालं, पण गवंड्याची माणसं टिकेनात आणि नव्या भिंती उन्हात कोरड्या पडू लागल्या. तेव्हा सुगंधाक्कांनी घागर उचलली. सकाळी विडीची पानं भिजत घातली की त्या भिंतींना पाणी मारायला यायच्या, संध्याकाळी पुन्हा. सगळ्या घरांना, उन्हाळाभर. चार नंबरच्या घरापुढं जरा जास्त वेळ थांबायच्या. फादर म्हणायचे, "सुगंधाक्का, ही भिंत जास्तच पक्की होणार बघा." त्या पदर तोंडाला लावून हसायच्या. ते घर त्यांचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही.

फादरांच्या मायेबद्दलही लिहायला हवं. त्याच उन्हाळ्यात माझी बायको बेळगावच्या दवाखान्यात तीन आठवडे होती. फादर एक दिवसाआड एस.टी.नं यायचे, डब्यात स्वतः शिजवलेली पेज घेऊन. ती जेवली की डबा स्वतः घासायचे. मी हात पुढं केला तर म्हणायचे, "तुम्ही बसा मास्तर, तुमचा चेहरा पेशंटपेक्षा वाईट दिसतोय." या माणसाच्या उपकाराखाली मी होतो, हे पुढचं वाचताना ध्यानात असू द्यावं.

घरं पूर्ण व्हायला आली आणि फादरांची बदली झाली. जाताना त्यांनी आम्हाला एवढंच सांगितलं, "यादी तुम्ही करा. घरं आपल्या माणसांना द्या."

सीमाभागात 'आपली माणसं' हे शब्द आम्ही जन्मापासून ऐकतो. हातात कन्नड कागद पडला की आम्हीच कुरकुरतो, हे सरकार आपल्याला आपलं मानत नाही म्हणून. तेच आम्ही यादी करायला बसलो आणि पहिलीच अट घातली, बाप्तिस्म्याचा दाखला. अट माझ्या अक्षरात आहे. अक्षर चांगलं आहे.

सुगंधाक्का रेशन कार्ड, मतदानाचं कार्ड, विडी कामगाराचं कार्ड, सगळं पिशवीत घालून आल्या. मी म्हणालो, "आक्का, यात चर्चचा दाखला नाही."

त्यांनी एकेक कार्ड परत पिशवीत ठेवलं. "मास्तर, भिंतीला पाणी मारताना दाखला मागितला न्हवतासा," त्या म्हणाल्या आणि गेल्या. मी पुढचा अर्ज घेतला.

फादरांना कळलं तेव्हा ते आले; तोवर घरांच्या चाव्या वाटून झाल्या होत्या. यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारलं, "सुगंधाक्का कुठं?" मी म्हणालो, "त्या आपल्यातल्या नाहीत, फादर." त्यांनी यादी मिटून माझ्यापुढं ठेवली. मग म्हणाले, "चूक माझी. 'आपली माणसं' म्हणालो. नावं सांगायला हवी होती." त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते उठून सरळ पत्र्याच्या खोलीत गेले आणि त्या बाईची माफी मागून आले. तेव्हापासून निपाणीला आले तर चहा तिथंच घेतात.

चार नंबरात आलेल्या कुटुंबानं ती खिडकी अर्धी विटांनी बुजवली. आत डोकावता येतं म्हणे. गेल्या महिन्यात ते कुटुंब पुण्याला गेलं आणि चावी माझ्याकडं आली. फादरांच्या पंचाहत्तरीला शाल आणि नारळ ठरलेलेच होते. मला वाटलं, आपली भेट म्हणून ही चावी जिची तिला द्यावी. कुणाला न विचारता मी विटा काढवून घेतल्या आणि सुगंधाक्कांकडं गेलो.

त्यांनी चावी हातानं चाचपली. "डोळं गेलं मास्तर," त्या म्हणाल्या. "दोन वरसं झाली बिडी सुटून. आता खिडकीचं काय करू? हितली भिंत न् भिंत हाताला ठावी हाय, तिथं आता चाचपडत बसू व्हय?" चावी माझ्या हातात परत देत म्हणाल्या, "फादरास्नी सांगू नगासा. लई वाईट वाटंल त्यास्नी."

फादर चहाला येतात तेव्हा त्या कप नीट पुढं करतात. म्हणून त्यांना अजून कळलेलं नाही.

आक्का, मी सांगतो आहे. हे झाकून त्यांचा गौरव करायला माझी लेखणी तयार होईना.

फादर, तुम्हाला उदंड आयुष्य मिळो, पाय असेच चालते राहोत, नजर शाबूत राहो. चार नंबरची चावी माझ्या खिशात आहे. सोहळ्याला या. शेवटच्या बाकावर मी बसलेला असेन.