मंडळी नको म्हणाली

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही, आणि आमच्या हिच्यापासून काही लपवणं म्हणजे मांजरापासून दूध लपवणं. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून तुमच्यापुढे जीभ उचलेल असं वाटतं. उचलेल का? बघू.

मी पेंटर. धुळ्यात जन्म गेला. दुकानांच्या पाट्या, भिंती, शाळांचे फळे — फ्लेक्स आला आणि आमच्या धंद्याचं वाटोळं झालं, ते सोडा. दोंडाईच्याला एका साडीच्या दुकानाची पाटी केली होती. शेठ खुर्ची टाकून बसायचे आणि दर थोड्या वेळाने म्हणायचे, "पेंटर, बाई गोरी काढा हं, गिऱ्हाईक थांबलं पाहिजे." काढली. नवरी, देवी, साबणाची बाई — माझ्या ब्रशातून सगळ्या एकाच रंगाच्या निघायच्या. आणि मी स्वतः? तव्याचं बूड बरं. हसू नका. म्हणजे हसा, पण पुढे हसण्यासारखं काही नाही.

पिंपळनेरच्या पलीकडे, डोंगराला टेकून एक गाव आहे. नाव नाही सांगत. तिथल्या ख्रिस्ती लोकांनी नवं चर्च बांधलं होतं आणि समोरच्या भिंतीवर दोन चित्रं हवी होती. एकीकडे बाळाला घेऊन बसलेली मरीया. दुसरीकडे ती पापी बाई — येशूचे पाय आसवांनी भिजवून स्वतःच्या केसांनी पुसणारी. हे मला तिथल्या पाळकसाहेबांनी समजावून सांगितलं. तिकडे चर्चच्या सगळ्या लोकांना मिळून 'मंडळी' म्हणतात. मंडळी जमली, मंडळीने ठरवलं. आपण 'काय मंडळी, जेवलात का' म्हणतो, तसा हा ढिला शब्द नव्हे. तो त्यांच्या घरादारापेक्षा मोठा शब्द आहे. आणि मला तो तेव्हा माहीत होता. हे आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर पुढे मीच त्या शब्दाआड लपेन.

पाळकसाहेबांनी बघायला म्हणून जुनी कॅलेंडरं आणि छापील चित्रं दिली. मी ती पसरून बसलो. मरीया सगळीकडे गोरीपान, निळं वस्त्र, डोक्यावर पदर, मान खाली. पापी बाईचे केस मोकळे, एक खांदा उघडा, अंगावर लाल. येशूने विहिरीवर जिच्याकडे पाणी मागितलं ती परक्या जमातीची, शोमरोनी बाई जरा सावळी — तिला पाच नवरे झाले होते म्हणे. गोष्ट न वाचताच कळत होतं, कुणाच्या पाया पडायचं आणि कुणाकडे चोरून बघायचं. अहो, त्या सगळ्या उन्हातल्या बायका. पाणी वाहणाऱ्या, दळणाऱ्या, अनवाणी चालणाऱ्या. त्यातली एकच तेवढी गोरी कशी राहिली? हे मला त्या दिवशी सुचलं का? नाही सुचलं. फार उशिरा सुचलं.

दुपारची भाकर मला शांता आणून द्यायची. चर्चला लागूनच तिचं घर. कडेवर लेकरू. याच्या आधीची दोन तिच्या हातातून गेली होती, म्हणून ती त्याला क्षणभर खाली ठेवत नसे. तिचा चेहरा... काय सांगू? लेकराकडे बघताना ती असं बघायची की माझ्या हातातली भाकर हातात राहायची. मीच म्हणालो, शांताबाई, मरीयेसाठी तुम्हीच बसा. ती पदरात तोंड लपवून हसली. "मी मरीया? येडा व्हयनात का भाऊ?"

पण दुसऱ्या दिवशी पोराला न्हाऊ घालून, काजळ लावून आली. खिडकीपाशी बसली. सासूला सांगितलं, माहेरी निरोप धाडला, गावात बठ्ठ्यांना, लहानथोर सगळ्यांना, ठाऊक झालं. "नाक नीट काढज्या भाऊ," म्हणायची. मी काढलं. नीट काढलं. माझ्या हातून इतकं चांगलं काही पुन्हा झालं नाही.

मग रंग भरला. तिचाच रंग. शिडीवरून उतरलो, लांब जाऊन बघितलं — आणि मला शांता दिसली. मरीया दिसेना. भिंतीवर भाकर घेऊन येणारी बाई बसलेली. मला लाज वाटली. कशाची? तिची? की माझी? लोक म्हणतील पेंटरला जमलं नाही, हेही मनात आलं. टर्पेंटाइनचा बोळा घेतला आणि तो चेहरा पुसून टाकला. कॅलेंडरातला गोरा चेहरा तिथे बसवला. बाळ मात्र तिचंच ठेवलं. जरासं उजळलं आणि ठेवलं. पोर तिचं, मांडी दुसरीची.

इथेच थांबलो असतो तर? नाही थांबलो. दुसऱ्या चित्राला चेहरा हवा होता, आणि कारागिराची हाव वाईट असते हो — चांगलं स्केच वाया घालवायला जिवावर येतं. शांताला एकदा अंगणात केस वाळवताना पाहिलं होतं. तिला न विचारता ते केस घेतले, तिचा चेहरा घेतला, आणि तिला पापी बाई करून त्या पायांशी वाकवलं. जिथे उपासनेला बायका डोक्यावरचा पदर ढळू देत नाहीत, तिथे.

तोवर मी चित्रं झाकून ठेवली होती, कुणाला बघू दिली नव्हती. नाताळला त्यांच्यावरचे पडदे काढले. शांता नवं लुगडं नेसून, सासूला घेऊन पुढे बसली होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. कुजबुज मात्र ऐकली. बाळ कुणाचं ते लोकांनी ओळखलं, आणि मग ती दुसरी कोण तेही ओळखलं.

नंतर हापशापाशी तिने मला गाठलं. भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. फक्त विचारलं, "भाऊ, मी तठे काबर?" मी तिथे का?

आणि मी म्हणालो, "मंडळी नको म्हणाली."

हेच ते. हे सांगायला एवढा फेरा घेतला. मंडळी काही म्हणालीच नव्हती. मंडळीने चित्र आधी बघितलंही नव्हतं. उलट पाळकसाहेबांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं — माणसं आपल्यासारखी दिसू द्या, साहेबलोक नकोत. मी भ्यालो आणि जे तोंडाला आलं ते बोललो. तिने मान डोलावली, पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि घरी गेली.

पुढच्या पावसाळ्यानंतर भिंतीला ओल आली म्हणून मला बोलावलं होतं. पाळकसाहेब म्हणाले, शांता चर्चला यायची थांबली आहे, कारण सांगत नाही, तुम्हाला काही बोलली होती का? मी म्हणालो, नाही बुवा. घर हाकेच्या अंतरावर होतं. मी ओल खरवडली आणि बस धरली.

आता इतक्या वर्षांनी, यंदा, ती इमारत पाडून मोठी बांधायची ठरली. नवे पाळक आलेत, त्यांनी जुनी चित्रं उतरवून घेता येतील का बघायला बोलावलं. येत नाहीत, भिंतीबरोबर जातील. पण मी गेलो. बसमध्ये वाक्य जुळवत गेलो. या वेळी आधी तिच्या घरी. शांता म्हातारी झाली आहे. मुलगा सुरतेकडे गाडी चालवतो. तिने मला ओळखलं, खाट टाकली, कोरा चहा केला. माझ्यासारख्याला चहा केला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तीच बोलली, माझीच समजूत घालत.

"मंडळीवर मन्हा राग नही भाऊ. बरोबरच बोलनात त्या. मी कोठली मरीया? खरं शे ना?"

ती उत्तराची वाट बघत होती. बसमध्ये जुळवलेलं वाक्य माझ्या जिभेवर होतं.

मी "हो" म्हणालो.

चहा संपवला आणि उठलो. ती दारापर्यंत आली. चर्चची घंटा वाजते तेव्हा ती घरातच पदर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसते, असं वाटेत तिच्या शेजारणीने मला सांगितलं. मंडळी तिला कधीच नको म्हणाली नव्हती. हे तिला अजून माहीत नाही.