बेचक्यातली मेंदी

बोटंबाई माणसाच्या तोंडाकडे आधी कधीच बघायच्या नाहीत. आधी बोटं. लग्नाच्या पंगतीत कुणी जिलबी वाढायला वाकलं, की यांची नजर जिलबीवर नाही, वाढणाऱ्याच्या बोटांच्या बेचक्यात. खुलताबादच्या आमच्या शाळेत महिन्यातून एकदा पोरं तपासायला येणाऱ्या या नर्सबाई, मूळच्या बिडकीनच्या. खरं नाव कुठल्यातरी सरकारी रजिस्टरात असेल. आम्ही पोरं त्यांना बोटंबाई म्हणायचो आणि त्यांना ते चांगलं ठाऊक होतं.

त्या आल्या की वर्ग रांगेत उभा राहायचा. 'बोटं पसरा.' कुणाच्या अंगावर गोल, कडेला लाल आणि मधे साफ असा चट्टा दिसला की म्हणायच्या, 'गजकर्ण हाय. ह्याचा टॉवेल निराळा ठेवा.' तोंडाभोवती मधासारखी पिवळी खपली दिसली की, 'नखं काढ, खरवडू नको, अन् उद्या दवाखान्यात ये.' पण बेचक्यात आणि मनगटावर बारीक पुटकुळ्या दिसल्या, तर आवाज एकदम खाली यायचा. 'रात्री लई खाजतं का?' पोर मान हलवायचं. 'घरात अजून कोण खाजवतं?' मग पोर छताकडे बघायचं. खरूज झाली हे घराबाहेर बोलायचं नसतं, एवढं आम्हाला बाराखडीच्या आधी शिकवलेलं असायचं.

बाईंचं म्हणणं वेगळं. 'खरजेचा मालक इचारायचा नसतो. मालक शोधत बसलं की किडा पुढच्या घरी जातो.'

मी चौथीत होते. दिवाळी नुकतीच झालेली, आत्याचं लग्न जमत आलेलं, आणि मी रात्रभर खाजवत बसायचे. आईनं माझी बोटं बघितली, दार लोटून घेतलं आणि मेंदी भिजवली. तळव्यावर नक्षी वगैरे काही नाही, चारी बेचकी लिंपल्यासारखी भरून टाकली. 'मेंदी थंड असती, अन् दिसतबी नाय,' म्हणाली. पोरीच्या खरजेपायी नणंदेचं लग्न मोडलं तर तिला सासरी तोंड दाखवायला जागा उरली नसती, हे मला फार पुढं कळलं.

माझ्या शेजारी बसकरावर गंगी बसायची. मेंढरं राखणाऱ्या दगडूमामांची पोर. आम्ही दिवसभर एकमेकींचा हात सोडायचो नाही, त्यामुळं व्हायचं तेच झालं. काही दिवसांनी गंगीही खाजवायला लागली, आणि तिच्या हाताला मेंदी नव्हती. गुरुजींनी पाहिलं. शाळेच्या कमिटीत आमचे बापू, म्हणजे माझे वडील, होते. ते म्हणाले, 'मेंढरातली पोर, दुसरं काय होणार. बसवा घरी.' गंगीनं पाटी-दप्तर उचललं. जाताना तिनं माझ्याकडे बघितलं. मी माझ्या मेंदीकडे बघत बसले. एवढं वय झालं, नातवंडं झाली, तरी ते आठवलं की अजून कानशिलं तापतात.

दगडूमामांचा कळप दोन दिवसांनी खाली चरायला निघणार होता. दरवर्षी गंगी शाळेसाठी चुलतीपाशी मागं राहायची. या वेळी मामा म्हणाले, 'शाळा ठेवत नाय तर पोर मेंढरामागं येईल.' एकदा गेली की पाऊस लागेपर्यंत परत नाही, आणि मग तिला वर्गात कोण घेणार? मला हे सगळं कळत होतं. तरी मी गप्प. त्याबाबतीत मी अगदी आईची लेक होते.

दुसऱ्याच दिवशी बोटंबाई आल्या. माझी पाळी आली तसा त्यांनी माझा हात धरला तो सोडेचनात. मग मलाच ऐकू येईल असं म्हणाल्या, 'मेंदी बेचक्यात कोण भरतं गं, पोरी?' माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. पण वर्गात त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. संध्याकाळी आमच्या दारात उभ्या.

'वहिनी, घरातल्या सगळ्यांनी आज एकाच दिवशी औषध लावायचं. गळ्यापासून तळपायापर्यंत. खाजतं त्यानं अन् नाय खाजत त्यानंबी. आठवड्यानं परत एकदा.'

आमचे काका बाजेवरून उठले. 'पोलिस ॲक्शनच्या वर्षी रझाकारांच्या भीतीनं पंधरा दिवस शेतात लपून काढले मी. तवा खाजलं नाय, आता काय खाजंल?'

'आज नाय खाजत. महिन्यानं खाजंल, तवा मला हुडकत याल,' बाई म्हणाल्या. काका सदरा काढायला आत गेले.

आईचं वेगळंच. 'गोधड्या तर घट बसायच्या आधीच धुतल्या की, बाई.'

'घटाचं घटापाशी. आता उकळत्या पाण्यातून काढा अन् उन्हात टाका. जे धुवायला होत नाय त्याचं गाठोडं बांधून ठेवा, आठ दिवस सोडू नका. माणसाचं अंग नाय मिळालं की किडा मरतो. अन् खाज दोन-तीन आठवडे राहील, म्हणून रोज औषध चोपडत बसू नका.'

मग त्या बापूंकडे वळल्या. 'पाटील, गंगीला उद्या तुम्हीच नेऊन बसवा. उठवली तुम्हीच ना?'

बापूंनी आधी रस्त्याकडं बघून घेतलं. 'लोक काय म्हणतील, बाई? बहिणीचं जमतंय.'

'लोकांना कळतंय कशाला? चौथीच्या सगळ्या घरांत औषध वाटते मी. दगडूकडं आत्ताच जाते. सगळ्यांच्याच अंगाला एक वास आल्यावर कोण कोणाला हुंगणार?'

औषध लावल्यावर आग आग झाली. आमच्या घरातली झाडून सगळी माणसं हात फाकवून अंगणात उभी, कुणी कुणाला शिवेना. सकाळी बापू उठले आणि दगडूमामांच्या घरी गेले, मागोमाग मीही. घोड्यावर सामान लादणं चाललं होतं. 'पोरीला शाळेत पाठव. चूक माझी झाली,' एवढंच म्हणाले. बापूंच्या तोंडून हे वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

गंगी शेजारी येऊन बसली. तिच्या हाताला तोच उग्र वास, माझ्याही, सगळ्या वर्गाच्याच. 'सगळ्यांनी लावलं म्हणून मीही लावलं,' असं म्हणून मला सुटता आलं असतं. बाईंनी वाट ठेवलीच होती. पण माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, 'गंगे, आधी मला झाली होती.' गंगी आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी माझ्या सगळ्या चिंचा मागून घेतल्या आणि मग बोलली.

उन्हाळ्यात आत्याचं लग्न झालं आणि त्याच आठवड्यात बोटंबाईंची सोयगावला बदली झाली. एसटीपाशी अख्खी चौथी जमली. बाई खिडकीत बसल्या तशी आम्ही पोरांनी न सांगता बोटं पसरून हात वर केले. त्यांनीही एकेक हात धरून नीट तपासला, ड्रायव्हर हॉर्न देत होता तरी. माझा हात आला. तळव्यावर लग्नाची मेंदी, मोर आणि कोयरी, आणि चारी बेचकी कोरी, स्वच्छ.

'आता कशी नीट काढली,' बाई म्हणाल्या. 'कोणी काढली गं?'

'गंगीनं,' मी म्हटलं.

बाईंनी माझा हात सोडला आणि शेजारचा गंगीचा हात हातात घेतला. तिची बोटं मात्र त्यांनी तपासली नाहीत. गाडी हलेपर्यंत नुसता हात धरून बसल्या होत्या.